वाघमाऱ्याच्या तोंडची ओळ

मुलांनो, ज्याला कधी भूक लागत नाही, ज्याचे पोट लाकडाचे आहे आणि ज्याच्या तोंडात जीभच नाही, अशा कोणी तुम्हांला सांगितले की अमुक वस्तू खा, ती फार गोड आहे, तर तुम्ही ती खाल काय?

नाही म्हणण्याची घाई करू नका. एका गावातील सगळ्या मुलांनी ती खाल्ली होती.

ते गाव खाडीच्या काठी होते. तेथे दामोदरशेट नावाचा वाणी राहत असे. त्याची पत्नी सगुणा आणि श्रीरंग नावाचा एकुलता एक मुलगा, एवढाच त्याचा संसार. श्रीरंगावर त्याचा जीव होता. दुकान बंद करून घरी आला की तो आधी मुलाचे तोंड पाही आणि मग हातपाय धुई. दामोदरशेट दुष्ट नव्हता. त्याला नुकसान सोसत नसे, एवढाच त्याचा दोष होता. पण लहान भोकातूनच नाव बुडते.

त्या गावात एक रीत होती. दुकानदाराने खाण्याचा नवा जिन्नस विकायला काढला की त्याचा पहिला वाटा रवळनाथाच्या देवळात नैवेद्य म्हणून ठेवायचा, आणि तोच प्रसाद सर्वांदेखत आपल्या मुलाला भरवायचा. त्यानंतर तो जिन्नस दुकानात मांडायचा. जे आपल्या लेकराच्या तोंडी घालवत नाही ते दुसऱ्याच्या लेकराला विकू नये, हा त्या रीतीचा अर्थ. तो कोणी बोलून दाखवीत नसे, कारण तो सर्वांना ठाऊक होता.

एका पावसाळ्यात दामोदरशेटच्या वखारीचे छप्पर गळले आणि पिठाच्या गोण्यांना ओल लागली. पीठ फेकून देणे हाच एक उपाय होता. दामोदरशेटने ते उन्हात वाळवले, त्यात गुळाचा पाक ओतला आणि आंबूस वास झाकण्यासाठी वेलदोड्याची टरफले कुटून घातली. रंग उठून दिसावा म्हणून लुगडी रंगवणाऱ्याकडून लाल रंग आणला. अशा रीतीने लाल वड्या तयार झाल्या.

दुकानात मांडण्याआधी त्याने तेथे आलेल्या एका म्हातारीला वडी चाखायला पुढे केली. तिने ती मोडली, हुंगली आणि परत ठेवली.

"शेट, पिठाला ओल लागलीय," ती म्हणाली. "गुळाच्या पांघरुणात झोपवलंत, तरी ते खोकतंय."

दामोदरशेट ओशाळला. मोठी माणसे चाखून घेतात, हे त्याच्या ध्यानात आले.

त्याच सुमारास लखू नावाचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा गावात उतरला होता. रोज संध्याकाळी देवळाच्या अंगणात त्याचा पडदा लागे. त्याच्या खेळातील वाघमाऱ्या नावाची बाहुली मुलांची विशेष लाडकी होती. डोईला तांबडे मुंडासे, पिळदार मिशा आणि हातात सोटा. वाघ समोर आला की वाघमाऱ्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडाशी नेई आणि म्हणे:

"नाचणीची भाकर, वाटीभर ताक,
वाघोबा वाघोबा, तूच आता वाक."

मग वाघ वाके आणि मुले टाळ्या पिटीत.

दुसऱ्या दिवशी यमुना नावाची बाई दुकानात मीठ घ्यायला आली. ती शेजारणीला म्हणाली, "काल माझ्या लेकानं न सांगता भाकर खाल्ली. मी सांगून सांगून घसा कोरडा केला होता. माझं नाही ऐकलं, लाकडाचं ऐकलं."

शेजारीण हसली. दामोदरशेट हसला नाही. मीठ मोजता मोजता त्याचा हात थांबला. मोठी माणसे चाखून घेतात. मुले ऐकून घेतात. हा विचार त्याला देवाने दिला असे त्याला वाटले. तो देवाने दिलेला नव्हता.

त्याच दुपारी तो लखूकडे गेला.

"लखू, तुझ्या वाघमाऱ्याच्या तोंडची ती एक ओळ बदलायची आहे. भाकरीच्या जागी माझी वडी."

"शेट, माझ्या आजाच्या वेळेपासून वाघमाऱ्या भाकरच खातो आहे."

"लाकूड ते. त्याला भाकर काय आणि वडी काय."

"त्याला काही नाही," लखू म्हणाला. "पण समोर बसलेली लाकडाची नाहीत."

दामोदरशेटने लखूच्या पडद्याकडे पाहिले. पडद्याला ठिगळावर ठिगळ होते. "पडदा नवा करून देतो," तो म्हणाला. लखूने नकार दिला नाही.

आता देवळाची रीत तेवढी उरली. दामोदरशेटने घरी सगुणेकडून ताज्या खोबऱ्याच्या वड्या करवून घेतल्या. त्यात चांगले तूप घातले आणि बिटाच्या रसाने त्या लाल केल्या. कशासाठी, हे त्याने तिला सांगितले नाही. ते ताट घेऊन तो रवळनाथापुढे गेला.

गुरवाने विचारले, "शेट, दुकानात मांडणार ती हीच ना?"

दामोदरशेटने मान हलवली. तोंडाने खोटे बोललो नाही, असे त्याने स्वतःला समजावले. नैवेद्य झाला. सर्वांदेखत त्याने श्रीरंगाच्या मुखी वडी घातली. श्रीरंग म्हणाला, "बाबा, किती छान आहे!" आणि लोक समाधानाने घरी गेले.

संध्याकाळी अंगणात पडदा नवा होता आणि ओळही नवी होती.

"लाल वडी तोंडात, बळ आले दंडात,
वाघोबा वाघोबा, पड आता खड्ड्यात."

वाघ खड्ड्यात पडला. मुलांना ही ओळ पहिलीपेक्षा अधिक आवडली. दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून तीच ऐकू येऊ लागली. पोरे दंड काढून एकमेकांना दाखवू लागली. वडी न मिळालेल्या मुलाला इतर मुले खेळात वाघ करीत, आणि वाघ व्हायला कोणी तयार नसे.

यमुनेच्या मुलाने ताट सरकवले. "वाघमाऱ्या भाकर खात नाही आता."

"मग वाघमाऱ्याच्या आईला जाऊन सांग, माझ्या लेकाचेही कपडे धू म्हणून," यमुना म्हणाली. पण मुलगा रडून रडून झोपला, तेव्हा ती सकाळी उठून वडी आणायला गेली. अशा कितीतरी आया गेल्या. दामोदरशेट कोणालाही वडी घ्या म्हणत नसे. तो नुसता बसून राही. आईबाप आपण होऊन येत.

काही दिवसांनी गावात मुलांची पोटे दुखू लागली. कोणी म्हणाले हवा बदलली, कोणी म्हणाले पाणी गढूळ झाले. दामोदरशेटने दोन्ही कारणांना मान डोलावली.

एके दिवशी श्रीरंग दुकानात आला.

"बाबा, मला लाल वडी द्या."

"ती आपण खायची नसते."

"का?"

"विकायची असते, म्हणून."

"पण देवळात तर तुम्हीच मला भरवली होती. देवाला दाखवतात ती वेगळी असते का?"

परमेश्वर माणसाला शिक्षा करण्याआधी एकदा दार उघडे ठेवतो. ते दार हेच होते. 'होय बाळा, ती वेगळी होती, माझे चुकले,' एवढे म्हटले असते तर उरलेल्या गोण्या खाडीत टाकाव्या लागल्या असत्या आणि थोडी लाज सोसावी लागली असती. त्यापलीकडे काही झाले नसते.

"वड्या संपल्या," तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागे डबे गळ्यापर्यंत भरलेले होते. श्रीरंगाने डब्यांकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले आणि तो निघून गेला. बापाला वाटले, मूल समजले. मूल खरोखरच काहीतरी समजले होते. पण बापाला वाटले ते नव्हे.

दुपारी दामोदरशेट जेवून आडवा झाला तेव्हा श्रीरंग वड्या साठवलेल्या वखारीत शिरला. इतर मुलांना आई एकेक वडी देई. याला देणारे कोणी नव्हते, म्हणून थांबवणारेही कोणी नव्हते. त्याने मुठी भरभरून वड्या खाल्ल्या. संध्याकाळ होण्याआधी तो पोट धरून अंगणात पडला.

वैद्यबुवा आले. त्यांनी मुलाची लाल झालेली जीभ पाहिली आणि दामोदरशेटकडे पाहिले. "काढा देतो," ते म्हणाले. "तो पोटात गेला तर मूल उठेल. नाही गेला तर माझ्या हाती काही नाही."

काढा कडू होता. श्रीरंगाने दात घट्ट मिटले. सगुणेने विनवले. दामोदरशेटने जवळ बसून म्हटले, "बाळा, घे. मी सांगतो ना, याने बरे वाटेल."

श्रीरंग क्षीण आवाजात म्हणाला, "तुम्ही वड्या संपल्या म्हणालात. वाघमाऱ्या सांगेल तर पिईन."

लखूला बोलावणे गेले. तो धावत आला. माजघराच्या दारात सगुणेचे लुगडे पडद्यासारखे बांधले. मुलाची विचारपूस करायला शेजारीपाजारी आले होते. यमुनाही मुलाला घेऊन अंगणात उभी होती. पडद्यामागे गेल्यावर लखूने दोऱ्या दामोदरशेटच्या हाती दिल्या.

"हे काय?"

"ती ओळ तुमची होती, शेट. मी तिला माझा आवाज दिला, त्याचा मला पस्तावा होतो आहे. आता मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्हीच बोला."

वाद घालायला वेळ नव्हता. दामोदरशेटने बाहुली उचलली, आवाज बारीक केला आणि म्हटले, "श्रीरंगा, मी वाघमाऱ्या. काढा पी."

श्रीरंगाने वाटी तोंडाला लावली आणि तो काढा घोट घोट पिऊन गेला. सगुणेने देवाला हात जोडले. पण मुलाच्या मनात एक शंका राहिली होती.

"वाघमाऱ्या, ती लाल वडी चांगली की वाईट? तू खरे सांग."

दुसऱ्यांदा दार उघडले. पडद्याच्या फटीतून दामोदरशेटला अंगणातली माणसे दिसली. वखारीत अजून गोण्या शिल्लक होत्या, त्याही त्याला दिसल्या.

"वडी चांगलीच," वाघमाऱ्या म्हणाला. "तू फार खाल्लीस, म्हणून दुखले."

हे बोलताना आवाज बारीक ठेवायचा राहून गेला. श्रीरंग ज्या आवाजात रोज निजताना गोष्ट ऐकत असे, तो त्याने ओळखला. अंथरुणावरून हात लांब करून त्याने लुगडे ओढले. ते सुटून खाली आले. त्याचा बाप हातात दोऱ्या घेऊन उभा होता. अंगणातील लोकांनीही ते पाहिले.

"तुम्ही होय," श्रीरंग म्हणाला, आणि त्याने भिंतीकडे तोंड केले.

मुलगा बरा झाला. गावकऱ्यांनी वखार उघडून गोण्या खाडीत लोटल्या. यमुना दामोदरशेटला एवढेच म्हणाली, "शेट, तुमचा जसा एक, तसा माझाही एकच होता." दुकानाला गिऱ्हाईक राहिले नाही. लखूने नवा पडदा देवळाच्या पायरीवर ठेवला आणि जुना खांद्यावर टाकून गाव सोडले. दामोदरशेटने रवळनाथापुढे साष्टांग नमस्कार घालून सर्वांसमोर आपला अपराध कबूल केला. देवाने क्षमा केली असेल. तो दयाळू आहे. पुढे गावानेही केली.

पण त्याचा दंड फिटला नव्हता, कारण तो त्याच्या घरातच होता. श्रीरंग कधी त्याला उलटून बोलला नाही. त्याने वडिलांची सेवा केली, पाय चेपले, म्हातारपणी कावड भरून त्यांना काशीचे पाणीही आणून दिले. फक्त दामोदरशेट काहीही बोलला की तो आईकडे वळून विचारी, "आई, हे खरे आहे का?" पाऊस येणार आहे म्हटले तरी विचारी. जेवण चांगले झाले म्हटले तरी विचारी. दामोदरशेटने देवाची शपथ घेऊन पाहिली. पण देवापुढे काय ठेवले होते ते मुलाला आठवत होते. पुढे पुढे दामोदरशेटने बोलणेच कमी केले.

शेवटच्या दुखण्यात त्याने श्रीरंगाला जवळ बोलावले. "बाळा," तो म्हणाला, "माझा तुझ्यावर फार जीव होता." जन्मभरात याहून खरे वाक्य तो बोलला नव्हता.

श्रीरंगाचे डोळे भरून आले. पण जुन्या सवयीने त्याची मान वळली, आणि त्याने हळूच विचारले, "आई, हे खरे आहे का?"

सगुणा म्हणाली, "खरे आहे, बाळा." पण ते ऐकायला दामोदरशेट उरला नव्हता.

तात्पर्य: पडदा कापडाचा असो वा काचेचा, त्यावर नाचणाऱ्याला भूक नसते, भूक पडद्यामागे दोऱ्या धरून उभ्या असलेल्याला असते. आपल्या लेकराला जे देणार नाही ते जो दुसऱ्याच्या लेकराला भुलवून विकतो, त्याच्या खऱ्या शब्दालाही अखेर स्वतःच्या घरात साक्षीदार लागतो.