मयूररावांच्या पाठीवरची बाग

श्रीयुत मयूरराव पिसाजी थुईकर, वय तीन सेकंद, हे एका मोबाइलमधील हलते चित्र होते. मोबाइल घरोघरी नवा होता, त्या काळची ही गोष्ट. दूरगावी छोट्या इरावतीचा पहिला वाढदिवस होता. केक कापण्यापूर्वी तिच्या आईच्या फोनवर जाऊन नाचून दाखवायचे, एवढ्यासाठीच मयूररावांचा जन्म झाला होता.

परंतु ते निघाले आणि दारातच अडकले. पडद्यावरचे चाक नुसते गरगरत राहिले. शेजारच्या चित्रातील बेडूकताई मात्र टुणकन जाऊन, बाळाला हसवून परतल्याही!

"अहो मयूरराव, नाचायला निघालात की बिऱ्हाड हलवायला?" त्यांनी विचारले.

"ताई, माझ्या प्रत्येक पावलाचे चित्र वेगळे, आणि त्या प्रत्येकात संपूर्ण बाग असते! झाडे, कारंजे, आकाशाच्या साऱ्या छटा!"

"बाग नाचते का?"

"छे! बाग कशी नाचेल?"

"मग दर पावलाला ती कशाला उचलता? एकदाच मांडा, आणि हलेल तेवढाच मोर पुन्हा काढा. आकाशाला एक निळा पुरे!"

मयूररावांचा तुरा किंचित वाकला. तेवढ्यात पलीकडे मेणबत्ती पेटल्याची वार्ता आली. त्यांनी बाग खाली ठेवली, छटा सोडल्या आणि ते भुर्रकन सुटले!

इरावती टाळ्या पिटत खिदळली. नाच संपे, लगेच सुरू होई, आणि ती पुन्हा खिदळे. बागेकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

तेव्हापासून मयूरराव बाग एकदाच मांडतात आणि पाय तेवढे उचलतात. वय मात्र अद्याप तीन सेकंदच आहे.