मिलकाबाईचा वार

फार वर्षांपूर्वी, खाडीला धक्का नव्हता आणि होड्या चिखलातच टेकायच्या, तेव्हाची ही गोष्ट. खारवली गावात तेल्यांची वीस घरं होती, बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची. शनिवारी त्यांचा घाणा बंद, चूल बंद, बैलाच्या मानेवर जूसुद्धा नाही. म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. मिलकाबाई त्यांच्यातलीच. तोंडाने फटकळ, पण तेल मोजताना हात सैल.

एका शनिवारी परमुलखातलं टोळकं आलं. लुटायला नव्हे हो, तेल्यांकडे लुटण्यासारखं होतं काय? यांचा वार वेगळा, यांचा देव दिसत नाही, एवढाच त्यांचा राग. त्या दिवशी सगळे प्रार्थनाघरात सापडतील, हे त्यांना ठाऊक होतं. नऊ माणसं मारली, त्यात मिलकाबाईचा नवरा गेला. देवापुढचा दिवा फोडला, घाण्याचा बैल कापला. शेजाऱ्यांनी भीतीने दारं लावून घेतली.

मिलकाबाईचा दीर हसाजी पार हादरला होता. सुतकातच त्याने गाव सोडायला होडी ठरवली.

"वहिनी, बोचकं बांधा. शनिवारी पहाटेच्या भरतीला निघायचं."

"भावजी, शनिवारी आपण बैल जुंपत नाही, आणि माणसं हाकणार?"

हसाजीने कपाळावर हात मारला. भीतीपायी तो वारच विसरला होता.

"मग रविवारी निघू."

"रविवारी घाणा. देवाचा दिवा विझलाय, त्याला तेल नको?"

"बैल कुठाय, वहिनी?"

"मी आहे ना!"

शनिवारी होडी रिकामीच गेली. रविवारी उजाडताच मिलकाबाईने जू खांद्यावर घेतलं. असं म्हणतात, घाणा कुरकुरला तो पार डोंगरापलीकडे ऐकू गेला. असं म्हणतात, घाण्यात मूठभरच खोबरं होतं, पण घागर भरली तरी धार थांबेना. ती कुरकुर ऐकून लावलेली दारं एकेक उघडली. आगऱ्यांचा पाटील स्वतःचा बैल घेऊन आला, मान खाली घालून.

"बाय, आमी दारं लावली."

"लावलीत," मिलकाबाई म्हणाली. "मला लई राग आहे त्याचा. आता बैल जुंपा."

त्या तेलाने दिवा लागला. असं म्हणतात, समुद्रात तीन कोसांवरून तो दिसायचा. गाव सोडून कोणी गेलं नाही.

पुढे कित्येक पिढ्यांनी तेली आपल्या मर्जीने दूर देशी गेले, वाजतगाजत, गावाने ओट्या भरून पाठवले. आज खारवलीत त्यांचं एकही घर नाही. प्रार्थनाघराचा दिवा पाटलांची सून लावते. शनिवारी गावात कोणी बैल जुंपत नाही. हल्ली बैल राहिलेत किती? ट्रॅक्टर आले. तर ट्रॅक्टरही शनिवारी दारात उभा असतो. कोणी नवखा विचारतो, बिघडला का? पोरंसुद्धा सांगतात, "नाय वो, आज मिलकाबाईचा वार."