शेवटचं पान

नाटकं लिहिणारी पोरं येतात आणि नकार कसा पचवायचा ते मलाच विचारतात. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. हे एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा डोकं खाऊ नका.

वडशाच्या एका नाटक मंडळीचे मालक नत्थूजी बोरकुटे कुठल्याही नाटकाचं फक्त शेवटचं पान वाचायचे. ‘शेवटात दम नाही,’ म्हणत त्यांनी मुखरू मेश्रामची तीन नाटकं परत केली होती. चौथंही परत आलं तर लिहिणंच सोडायचं, असं ठरवून मुखरू ते घेऊन त्यांच्याकडे गेला.

मालकांनी वही मागच्या बाजूनं उघडली, शेवटचं पान वाचलं आणि सगळ्या नटांसमोर ती भिरकावली. “असं भिकार लिहिणाऱ्यानं गुरं राखावी बे!”

मुखरूनं वही उचलून झटकली. “मग गुरं तुम्हालाच राखावी लागतील जी. हे पान तुम्हीच लिहिलेल्या जुन्या नाटकातलं आहे, मी नावं तेवढी बदलली. माझा शेवट माझ्या खिशात आहे. आधीची नव्वद पानं वाचा, मग देतो.”

नट तोंड दाबून भिंतीकडे वळले. मालक चिडून वाचायला बसले. नव्वदावं पान संपलं तेव्हा मान वर न करता त्यांनी शेवटासाठी हात पुढे केला.

नाटक लागलं, गाजलं. मुखरूची माफी मागायला मात्र ज्यानं यायला हवं तो माणूस अजून आलेला नाही: नत्थूजी बोरकुटे.