कासवाचे दोन मदतनीस

नदीकाठच्या एका रानात, मुलांनो, रोज संध्याकाळी जांभळाच्या झाडाखाली प्राण्यांची सभा भरत असे. कुठे फळे पिकली, कुठे बिबट्या दिसला, हे ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावे आणि इतरांनी ऐकावे, असा तिथला रिवाज. एक म्हातारे कासव सगळ्यांची पाळी लावी. पण हळूहळू लांबलांबचे प्राणी येऊ लागले आणि त्या गलक्यात कासवाचा आवाज कुणाला ऐकूच जाईना. म्हणून त्याने दोन मदतनीस नेमले : एक मुंगूस आणि एक साळुंकी. "कुणाला बोलू द्यायचं, कुणाला थांबवायचं, ते आता तुम्ही पाहा," कासव म्हणाले.

मुंगसाला काम लगेच जमले. कुणी आवाज चढवला की ते शेपटी फुलवून समोर उभे राही आणि म्हणे, "पुरे." साळुंकीला मात्र कुणाला थांबवावे हेच कळेना, कारण तिला प्रत्येकाचे कुतूहल वाटे. "कुठे पाहिलंस? आणखी कोण होतं तिथे?" असे ती विचारत बसे. "हिच्यामुळे घरी जायला उशीर होतो," ससे कुरकुरू लागले. आपल्याला हे काम जमत नाही की काय, असे साळुंकीलाही वाटू लागले.

एके संध्याकाळी आभाळ अगदी निरभ्र होते. टिटवी ओरडत आली, "पाणी आलं, पाणी आलं." नदीच्या वाळूतून टिटवीचे ओरडणे रोजच ऐकू येई, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. "पुरे. नदीत पाणी असायचंच," मुंगूस म्हणाले. टिटवी मागे सरली. साळुंकीही दुसरीकडे वळणार होती, पण तिच्या मनात एक प्रश्न आला. ही तर वाळूतल्या अंड्यांपासून कधी लांब जात नाही. मग आज इथवर कशी आली? ती टिटवीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "अंडी कुणाच्या भरवशावर ठेवलीस गं?"

"अंडी गेली," टिटवी म्हणाली. "डोंगरात पाऊस झालाय. वाळू बुडाली. लोंढा इकडेच येतोय."

मुंगसाचे बीळ काठावरच होते आणि आत पिल्ले झोपली होती. ते धावत सुटले. ससे, साळिंदर, सगळेच आपापल्या बिळांकडे पळाले. पिल्ले तोंडात धरून ते टेकडीवर पोहोचतात न पोहोचतात, तोच गढूळ पाणी काठ ओलांडून बिळांत शिरले.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मुंगूस कासवाला म्हणाले, "माझं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"काम तुझंच राहू दे," कासव म्हणाले. "पण ते कसं करायचं, ते साळुंकीला विचार."

त्या संध्याकाळी टिटवी सभेत एका कडेला बसली होती. मुंगूस तिच्याजवळ जाऊन बसले. "तुझ्या अंड्यांचं फार वाईट झालं," ते म्हणाले. "काल मी तुला बोलू दिलं नाही. आज सांग, मला ऐकायचंय."

तात्पर्य : ज्याच्या हाती इतरांना थांबवण्याचा अधिकार येतो, त्याने आधी विचारावे आणि ऐकून घ्यावे, थांबवायचे की नाही, ते मग ठरवावे.