दोन कारभारी आणि एक घड्याळ

यंत्रं आपसांत आणि माणसांशीही बोलायची, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका छापणाऱ्या सुहासिनीताईंच्या संगणकात दोन कारभारी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दोन प्रणाली, आळीपाळीने जागे होत. पहिला घड्याळात इथली वेळ लावी. दुसरा उठला की ती पुसून विलायतेची लावी, साडेपाच तास मागची. वर दोघंही ओरडत, "घड्याळच बिघडलंय, फेकून द्या!"

एके दिवशी संगणकाची पेटी तव्यासारखी तापली आणि बंद पडली. दोघांनी तेही घड्याळावरच ढकललं.

ताईंनी झाकण उघडलं. "अगं बाई, पंखा धुळीने गुदमरलाय!" त्यांनी ब्रशने धूळ झटकली. पंखा गरगरत म्हणाला, "ताई, घड्याळही धडधाकट आहे. या दोघांना आधी एकच वेळ ठरवायला सांगा."

तसं ठरलं. पेटी गार झाली. घड्याळाने सुटकेचा निःश्वास सोडला. "माझी चूक नव्हतीच रे पंख्या. मला दुरुस्त करणारे दोघं होते!"