बांगडीचा खडक

हाच तो खडक. चपला राहू द्या पायात, कालवांनी पाय कापतील. वर खाच दिसते ना, तिथे नव्या जाळ्याच्या दिवशी एक हिरवी बांगडी ठेवतात. एरवी ती माझ्या घरी असते. आमच्या कांडवेळच्या कोळीवाड्यात नवं जाळं आधी या खडकावर पसरतात आणि वाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याच्या भोकातून ती बांगडी घालून बघते. आरपार गेली तर जाळं समुद्रात, अडकली तर घरी. सध्या ती म्हातारी मीच. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कशासाठी? तुमच्या जेवणाला अजून वेळ आहे, म्हणून सांगते. सुरमई मिळाली नाही, मांदेलीवर भागवा.

असं सांगतात की पूर्वी खाडीच्या तोंडाशीच एवढी मासळी असायची की होडी लांब न्यावी लागत नसे. डोंगरावरचं देऊळ नजरेआड होण्याआधी माणसं परत फिरायची. जाळी सणाच्या सुताची, घरी विणलेली, मोठ्या भोकांची. लहान मासा निसटायचा आणि मोठा होऊन पुन्हा यायचा. लग्न झालं की नवी नवरी उजव्या हातातली एक बांगडी समुद्राला द्यायची. माझा माणूस परत आण, एवढंच मागणं.

लखमा नाखवा म्हणून एक होता. हाताचा फार हुशार, म्हणे. त्याने बारीक भोकांचं जाळं विणलं आणि पहिल्याच दिवशी त्याची होडी काठोकाठ भरून आली. मग शेजारी गप्प बसतात की काय? त्यांनी आणखी बारीक विणली. वाईट कोणी नव्हतं हो. मी सोडलं तर मागून येणारा उचलणारच, असं प्रत्येकाला वाटायचं. बोटभर पापलेटं, घोळीची पिल्लं, सगळं किनाऱ्यावर येऊन पडायचं. खपलं नाही की माडाच्या बुंध्याशी पुरायचे.

हळूहळू मासळी आटली. आणि एके दिवशी लखमाच्या जाळ्यात माशांऐवजी बांगड्या आल्या, वाळूत घासून धुरकट झालेल्या. समुद्राने आपलं दान परत केलं, आता तो आपल्या माणसांना सांभाळणार नाही, म्हणून बायकांनी किनाऱ्यावर रडून आकांत केला. लखमाची बायको माणकी तेवढी रडली नाही. तिच्या बांगडीत लाल रेघ होती, त्यावरून तिने ती ओळखली आणि जाळ्याच्या भोकात घालून पाहिली. जाईना.

"दर्यानं नाय परत केल्या," ती म्हणाली. "तुमीच वरबाडून आनल्या. पयल्या जाल्यातून ह्या निसटून जायाच्या."

लखमाला ते पटलं असेलही. पण घरी चूल थंड आणि जवळचं पाणी रिकामं. तो लांब गेला, डोंगर दिसेनासा होतो त्याच्याही पलीकडे, आणि परत आला नाही.

रीतीप्रमाणे बायका माणकीच्या बांगड्या फोडायला आल्या. तिने डावा हात पुढे केला. समुद्रातून आलेली बांगडी मात्र उजव्या मुठीत घट्ट धरून ठेवली. "ही नाय फोरायची. ही आरपार जाईल, तवाच जाला दर्यात जाईल." एवढं बोलून ती या खडकावर येऊन बसली. भरतीचं पाणी गळ्याशी आलं तरी उठेना, म्हणे. शेवटी पुरुषांनी आपापली जाळी आणून तिच्यासमोर उसवली आणि पुन्हा मोठ्या भोकांची विणायला घेतली. तोवर सगळा वाडा कालवं खाऊन जगला. मासळी परतायला फार वर्षं लागली. माणकीला ती बघायला मिळाली नाही.

आजही बांगडी जाळ्यातून फिरते. पण त्या तिकडे मोठ्या बोटी दिसतात ना, त्यांच्या जाळ्यात हा खडकसुद्धा मावेल. त्यांना कोण बांगडी लावणार? जगातले सगळेच समुद्र असे रिकामे होत चाललेत, असं तुमच्यासारखेच कोणी पाहुणे सांगून गेले. ऐकून मी दमले बाई.

ते निळं जाळं बघा. माझ्या हिराजीने, माझ्या मुलाने, शहरातून आणलंय. त्याच्या भोकातून माझी करंगळी जात नाही, आणि उद्या ते खडकावर पसरायचंय. सकाळी भाकरी खाताना तो हळूच म्हणाला, "आये, उद्या तुला बरा नाय, असा सांग ना. एक डाव बांगडी नाय फिरली त कोन इचारतंय?"

त्याला रागवायचंही माझ्याने झालं नाही. त्याला दोन पोरं आहेत. मोठ्या भोकांच्या जाळ्यात काही येत नाही, आणि बारीक जाळ्यात येतं ते पुढच्या वर्षीचं. जाळं परत पाठवलं तर तोही लखमासारखा लांब जाईल, ही धास्ती मला नाही का? गुडघे तर असे दुखतात की खडकावर चढताना दोघींनी धरावं लागतं. आजारी आहे म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं.

त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हटलं, "मी बरी हाय."