तातोबांची कवळी आणि डॉक्टरांचे बूट

जोडे शिवणाऱ्या तातोबांनी जन्मभर दोरा दातांत धरून ताणला. सत्तरीत तोंडाचं बोळकं झालं, तेव्हा डॉक्टर सरपोतदारांनी त्यांना कवळी करून दिली. पण ती हिरड्यांना अशी टोचायची की जेवायची वेळ झाली की ती तातोबांच्या खिशात जायची आणि भाकरी दुधात.

तिसऱ्यांदा तक्रार घेऊन ते गेले, तर डॉक्टरांनी तोंडात डोकावूनही पाहिलं नाही. कपाटातून तातोबांच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा काढला, कवळी त्यावर बसवली आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, केसभर फट नाही! कवळीत खोट नाही, तातोबा. तुम्हालाच सवय करून घ्यायची नाही."

बाकावर हशा पिकला. तातोबांनी मान खाली घातली, तर समोर डॉक्टरांच्या पायांत त्यांनीच शिवलेले बूट.

"साहेब, हे बूट चावतात म्हणून दिवाळीत तुम्ही माझ्याकडं आला होता. पायाच्या आकाराच्या ज्या लाकडी फर्म्यावर मी ते शिवले, त्याच्यावर तेही असेच चपखल बसत होते. तेव्हा मी तुम्हाला फर्मा दाखवला का?"

डॉक्टरांची नजर आपल्या बुटांवर गेली.

"तुमचा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, कुठं लागतंय. फर्म्याला कधी दुखत नाही, साहेब."

बाकावर आता कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी साचा बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून ते तातोबांसमोर बसले.

"आ करा," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठं लागतंय?"